सातव्या भागातले हात

पडद्यावर हात आले तसा विजयाने तोंडाशी नेलेला चहाचा कप परत बशीत ठेवला. नुसते हात. मनगटापासून पुढचे, ओकेबोके, एकही बांगडी नसलेले. उजव्या चिमटीत कापसाचा पुंजका, डावा तळवा जरा वाकडा धरलेला, शेजारी पितळी वाटीत दूध. रविवारचे चार वाजले होते. बाहेर लखनौच्या विकास नगरच्या गल्लीतून भाजीवाला 'परवल, तोरई, कद्दू' करत चालला होता, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा उल्हास मांडीवर उशी घेऊन मालिकेचा सातवा भाग बघत होता. आता, असं विजयाला वाटलं. आता हा मान वळवील. आधी पडद्याकडे बघेल, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा पडद्याकडे, आणि म्हणेल, अगं! एवढं एकच 'अगं' तिला हवं होतं. त्याच्यापुढे तो काय बोलेल, आपण काय बोलू, याचा विचार तिने केलाच नव्हता. सात आठवडे ती दर रविवारी या 'अगं'ची वाट बघत बसली होती, आणि दर रविवारी चहात साखर घालायला विसरत होती.

मालिका एका जुन्या मराठी कादंबरीवरची होती. विजया कुरुंदवाडहून सांगलीच्या कॉलेजात जायची तेव्हा ती कादंबरी अभ्यासाला होती, आणि त्या वेळीच ती जुनी म्हणून सगळे नाकं मुरडायचे. तिच्यातली भागीरथी विसाव्या वर्षी विधवा होते आणि पुढची चाळीस वर्षं दिराच्या घरात सगळ्यांचं करत राहते. बस, एवढीच गोष्ट. आता ती हिंदीत आली होती, भरजरी शालूंसकट आणि सतारीसकट. कादंबरीत ज्या बायकांना दोन लुगड्यांवर वर्ष काढावं लागतं त्या इथे दर प्रसंगाला नवं नेसत होत्या. पुण्यातलं घर लखनौत उभं केलं होतं, चिनहटला फैजाबाद रोडवरच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये, आणि तेही प्लायवूडचं. हे विजयाला माहीत होतं, कारण त्या प्लायवूडच्या माजघरात ती तीन दिवस बसून आली होती. उल्हासला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ती तीन दिवस अमीनाबादला पडद्यांचं कापड बघत होती.

त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत अंतरा नावाची एक मुलगी आली होती. मालिकेच्या माणसांपैकी. बायका मोदकांच्या गप्पा मारत होत्या आणि ही येऊन प्रत्येकीच्या हातांकडे बघत होती. विजया कोपऱ्यात आरतीसाठी फुलवाती करत बसली होती. अंतरा तिच्यासमोर उकिडवी बसली, पाचसहा वाती होईपर्यंत बसून राहिली, आणि म्हणाली, "आंटी, आपके हाथ मिल सकते हैं?" मग स्वतःच हसली आणि समजावून सांगायला लागली. हिरॉइन तीस वर्षांची. शेवटच्या भागांत तिला साठीची करायची. केस पांढरे करता येतात, गालांवर सुरकुत्या चिकटवता येतात. "पर मेकअप से हाथ बूढ़े नहीं होते आंटी, क्लोजअप में पकड़े जाते हैं. और बत्ती भी उनसे नहीं बनती. दो दिन सिखाया, मोमो जैसी बनाती हैं." विजया हसली. हसता हसता तिने आपले हात पालथे करून बघितले. नसा वर आलेल्या, कातडी पातळ झालेली, डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली. त्या करंगळीची कथा अशी, की एक्क्याण्णव साली या घरात सामान लावताना उल्हासने लोखंडी कपाटाचं दार धाडकन लावलं होतं आणि करंगळी आत राहिली होती. तो तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. निदान विजयाला तरी तसंच आठवत होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर ती सांगणारच होती, अगदी ओठांवर आलं होतं. पण उल्हास टेबलाशी बसला होता, भिंग डोळ्याला लावून. सदतीस वर्षं त्याने इथल्या संशोधन संस्थेत गवतं ओळखण्यात घालवली. गवत म्हणजे तुम्हाआम्हाला गवत. त्याला मात्र पान आणि दांडा जिथे भेटतात तिथले केस बघितले की पुरे. वाळलेलं, कागदावर चिकटवलेलं, पन्नास वर्षांपूर्वी कुणी भलत्याच साहेबाने भलतंच नाव लिहून ठेवलेलं गवत तो काढायचा आणि म्हणायचा, हे ते नव्हे. एकदा कुकरैलच्या जंगलात सगळे सहलीला गेले असताना याने वाटेतली एक काडी उचलली आणि ती आपण त्र्याऐंशी साली बहराइचला एकदाच बघितली होती असं सांगितलं, आणि ते खरं निघालं. संस्थेतली माणसं अजून ती गोष्ट सांगतात. विजया त्या दिवशी दारात चपला काढता काढता थबकली. आपण सांगितलं तर हा 'अरे वा' म्हणेल, तिला वाटलं. सगळ्याला म्हणतो तसं. सांगून ओळखलं तर त्यात ओळखलं काय? नाही सांगायचं. त्यालाच ओळखू दे. साठीच्या पुढे बाईने असले खेळ खेळू नयेत, हे तिलाही कळत होतं. पण मनाने एकदा घेतलं की घेतलं.

पहिल्याच दिवशी मेकअप करणारी मुलगी म्हणाली, "आंटी, चूड़ियाँ उतार दीजिए. विडो का सीन है." विजयाला हे आधी कसं सुचलं नाही, देव जाणे. कादंबरी तिने तीनदा वाचलेली, भागीरथी कोण ते पाठ, तरी हात द्यायचे म्हणजे रिकामे द्यायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. चाळीस वर्षांत तिचे हात कधी रिकामे नव्हते. लेकीच्या, अवनीच्या वेळच्या बाळंतपणात नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या तेव्हासुद्धा सासूबाईंनी तिच्याशी भांडून एक हिरवी बांगडी राहू दिली होती. विजयाने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि साबण मागितला. पाटल्या निघाल्या. काचेच्या पाच निघाल्या. सहावी अंगठ्याच्या हाडाशी अडली आणि वाढली. "वाढली," असंच ती म्हणाली, कारण बांगडी फुटली म्हणत नाहीत; ती मुलगी काचा वेचत "जी?" म्हणाली. विजयाने सगळं रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं. मनगटं गार पडली होती. हात हलवला तर आवाज होत नव्हता. घरात आपण ओट्यापाशी आहोत की मोरीत की गच्चीवर, हे इतकी वर्षं सगळ्यांना त्या आवाजावरूनच कळत होतं, असं तिच्या तेव्हा ध्यानात आलं. बघायची कुणाला गरजच पडली नव्हती.

आणि मग तो दिव्यांचा झोत, कापूस, दूध, आणि समोर कॅमेऱ्याचा काळा डोळा. दिग्दर्शक तिशीतला, आवाज हळू. तो म्हणाला, "आंटी, सोचिए कि जो सबसे अपना था, वो अब नहीं है. बस इतना. बाकी हाथ कर लेंगे." विजयाने उल्हासला मनात आणलं. दुसरं कोण होतं? हा सोफा, ही उशी, टेबलावरचं भिंग, आणि तो नाही. ती दुःखाची वाट बघत राहिली. दुःख आलं नाही. आली ती शांतता. दुपारची भांडी आवरून झाल्यावर, फ्रीजची घरघर ऐकू येते तेव्हाची. त्या शांततेची तिला भीती वाटली. पण हात थांबले नाहीत. कापूस ओढला, पसरला, गोळा केला, बोट दुधात बुडवून टोक पिळलं, अंगठ्याने बुडावर दोनदा टिचकी मारून वात बसती केली, ठेवली. कापूस ओढला. कट म्हणायचं दिग्दर्शक विसरला की काय कोण जाणे. नंतर म्हणाला, "यार, हाथों में क्या दुख है." सगळी मंडळी तिच्या हातांकडेच बघत होती, आणि विजया खूश झाली. लाज वाटावी इतकी खूश झाली. कुणी तिच्याकडे इतका वेळ एकटक बघितलं होतं, याला किती वर्षं झाली होती!

परत येताना पॉलिटेक्निकच्या चौराह्यावर रिक्षा बदलायच्या आधी तिने रुमाल सोडून बांगड्या चढवल्या. कुणाचं लक्ष नव्हतं तरी चोरी केल्यासारखं वाटलं. तीन दिवस ती सकाळी हात मोकळे करायची आणि संध्याकाळी भरायची, आणि दोन्हीच्या मधे उल्हास घरी सुखरूप वर्तमानपत्र वाचत असायचा. देवापुढे उभं राहून तिने एकदा क्षमाही मागितली, पण नक्की कशाची ते सांगायचं टाळलं. देवाला काय ते कळतंच, अशी सोयीची समजूत घालून घेतली. चौथ्या दिवशी मात्र ती खरंच अमीनाबादला गेली, कमी पडलेली हिरवी बांगडी भरून आली आणि पडदे घेऊन आली. उल्हास म्हणाला, "तीन दिवस हिंडून हाच रंग मिळाला?" एक वर्ष झालं त्याला. तेच पडदे आत्ता समोर उन्हात पिवळे दिसत होते.

आणि टीव्हीच्या पडद्यावर हात अजून वाती करत होते. भागीरथीच्या दिराच्या घरात मंगळागौर चालली होती, मागे झिम्मा-फुगड्यांचा आवाज, आणि हिरॉइनचं तोंड एकदा दाखवून कॅमेरा जो हातांवर उतरला तो तिथेच राहिला. कादंबरीत या प्रसंगाला अर्धंच वाक्य होतं. उल्हास पुढे सरकला. खरंच सरकला, उशी मांडीवरून खाली पडली तरी त्याने उचलली नाही. चष्मा कपाळावर चढवून, मग पुन्हा नाकावर आणून तो बघत होता, भिंगातून बघताना बघतो तसा, ओठ थोडे पुढे काढून. करंगळी दिसली. दूध दिसलं. अंगठ्याची टिचकी, एकदा, दोनदा. उल्हासने रिमोटने चित्र थांबवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षांत तिने ते दोनदा बघितलं होतं, सासरे गेले तेव्हा आणि सासूबाई गेल्या तेव्हा. विजयाने बशी खाली ठेवली आणि नकळत पदर सारखा केला, कुणी बघायला येणार असलं की करतात तसा.

"आई," उल्हास म्हणाला.

विजयाला आधी वाटलं, त्याला काही दुखतंय.

"आईचे हात आहेत गं हे. हुबेहूब. बघ ना, ती करंगळी बघ. आईची अशीच होती, बाहेर वळलेली. आणि ते दुधाचं बोट! असं दूध लावून वात करणारी माणसं आता राहिली नाहीत." त्याने नाक ओढलं. "कुठून शोधली असेल यांनी ही बाई?"

सासूबाईंची करंगळी सरळ होती. सगळीच बोटं सरळ होती, छडीसारखी. आणि दूध? दुधाचं बोट कुरुंदवाडचं होतं, विजयाच्या आईचं; दुधाने टोक वाळलं की ताठ राहतं. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते बघून कपाळाला हात लावला होता. "दूध काय उतू चाललंय का तुमच्याकडे? पाणी लाव." त्या स्वतः पाणी आणि चिमूटभर राख लावत. लखनौला येऊन राहिल्या त्या अकरा वर्षं, त्यातली शेवटची सहा खाटेवर. हात इतके कापायचे की पेल्यातलं पाणी निम्मं अंगावर. वाती मात्र घरात झाल्याच पाहिजेत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून विजया रोज दुपारी खाटेशी बसून वाती करायची आणि त्या पडल्या पडल्या दूध दिसलं की तोंड फिरवायच्या. डबा भरला की त्यावर त्यांचाच हक्क. उल्हास संस्थेतून आला की म्हणायचा, "वा, आईच्या वाती झाल्या का?" आणि सासूबाई मान हलवायच्या. विजयाही काही म्हणायची नाही. म्हाताऱ्या माणसाचं तेवढंच राहिलं होतं, तेवढं तरी त्यांचं असू दे, असं तिला वाटे. आपण देऊन टाकतोय ते पुन्हा मिळणार नाही, हे तेव्हा कुणाला सुचतं?

फोन वाजला. अवनी. ती गुडगावला असते, आणि रविवारी बापलेक एकाच वेळी मालिका बघून फोनवर त्यावर बोलतात. उल्हासने स्पीकर लावला. "बघितलंस? हात बघितलेस? आजी आठवली की नाही?"

"हाँ पापा, शॉट तो बढ़िया है," अवनी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. "पर वो किसी के हाथ थोड़े ही हैं. आजकल ये सब एआई से बनाते हैं. इतना परफेक्ट कौन करता है?"

"मी करते," विजया म्हणाली.

"अरे मम्मी, तुम तो मार्केट से लाती हो ना? दिवाली में जो डिब्बा भेजती हो?"

विजयाने तोंड उघडलं. सतरा दिवाळ्या. पाचशे पाचशे वाती, एका मापाच्या, डब्याच्या तळाला मलमलचा तुकडा घालून. "नाही," ती म्हणाली, "घरीच करते." पण तेवढ्यात गुडगावला दाराची बेल वाजली होती, अवनी "एक मिनट, कुरियर है, बाद में करती हूँ" म्हणत होती, आणि फोन बंद झाला. उल्हासने चित्र मागे नेलं आणि पुन्हा सुरू केलं. भाग संपला की नावं वर सरकतात; त्यात शेवटी बारीक अक्षरांत तुमचं नाव असेल, असं अंतराने सांगितलं होतं. पण उल्हासने नावं कधी येऊ दिली नव्हती, एरवी तो पुढच्या गोष्टीकडे धावायचा आणि आज मागे मागेच जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, बहुतेक चष्म्यावरून. विजयाला हसू आलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "ते हात माझे आहेत."

उल्हासने मान डोलावली. पडद्यावरची नजर काढली नाही. "हो ना," तो मायेने म्हणाला, अगदी मायेने, "तुला शिकवलं आईने. तुझ्यात आहे थोडं ते. पण ती सफाई तुला नाही आली, विजया. खरं सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. ती एका पिढीबरोबर जाते."

पुढचं वाक्य तिच्याकडे तयार होतं. मी चिनहटला गेले होते, तीन दिवस. अंतराचा फोन नंबर होता, तारखा होत्या. पण त्या वाक्यापाठोपाठ बांगड्या काढल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि त्याच्याही पाठोपाठ ती दुपारची शांतता. तुमचे डोळे ज्याने भरून आले ते आईचं नव्हे हो. तुम्ही नाही असं मी धरून चालले होते, आणि मला बरं वाटलं होतं. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगून उपयोग? तो 'अरे वा' म्हणाला असता, आणि त्याची आई दुसऱ्यांदा गेली असती. विजयाला त्याची दया आली, स्वतःची आली, आणि मग दोन्हींचा एकदम संताप आला. इतका, की कानशिलं तापली.

टिपॉयवर कापसाचं ताट होतंच. मंगळवारच्या चतुर्थीसाठी सकाळी काढून ठेवलेलं. शेजारी वाटीत दूध. तिने ताट मांडीवर घेतलं आणि डाव्या हातातल्या बांगड्या उतरवायला लागली. साबण नव्हता, हाड दुखलं, कातडी लाल झाली, पण यावेळी एकही वाढली नाही. मग उजव्या. पाटल्या, काचा, सगळं तिने टिपॉयवर रिमोट ठेवायच्या जागी रांगेत ठेवलं. मनगटं पुन्हा तशीच गार पडली. तिने कापूस ओढला, पसरला, गोळा केला. बोट दुधात बुडवलं. हात बरोबर त्याच्या नजरेच्या टप्प्यात धरले, पडद्याच्या खालच्या कडेशी, वर ते आणि खाली हे. करंगळी जितकी बाहेर वळते तितकी वळू दिली. बघ. आता तरी बघ. तुला काडीवरून गवत कळतं.

उल्हासने पाहिलं. रिमोट ठेवायचा होता बहुतेक, नजर टिपॉयवर गेली, तिथून तिच्या मनगटांवर. तो दचकला. चेहरा खरंच उतरला त्याचा.

"हे काय भलतंच!" तो म्हणाला. "मी आहे ना अजून जिवंत? घाल बघू आधी. आई असती तर काय म्हणाली असती?" आणि स्वतःच एकेक बांगडी उचलून तिच्या हातात देऊ लागला, घाईघाईने, न मोजता, काळजीने. त्याची बोटं तिच्या बोटांना लागत होती. वाकड्या करंगळीवरूनही एकदा फिरली. "बघवत नाही असं," तो म्हणाला. विजयाने बांगड्या भरल्या. अमीनाबादची हिरवी इतरांपेक्षा किंचित गडद होती, हे त्याला आत्ताही दिसलं नाही.

"हं," तो मागे टेकून म्हणाला. हात भरलेले बघून त्याला हायसं वाटलं होतं. त्याने चित्र पुन्हा मागे नेलं. "आता बघ हं, टोक पिळलं की अंगठ्याने दोनदा टिचकी मारील. आईची खूणच ती."

विजयाच्या चिमटीत अर्धी वात तशीच होती. तिने टोक पिळलं. पडद्यावरच्या अंगठ्याने दोनदा टिचकी मारली, सोफ्यावरच्यानेही मारली. बांगड्या वाजल्या. उल्हास डोळे न हलवता पडद्याकडे बघत म्हणाला, "जरा थांब ना, आवाज होतोय."